अठरा दिवसांच्या किडन्या

नवजात कुत्र्याच्या पिल्लाला आपली आपण लघवी करता येत नाही, हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी सोळा वर्षं मी कोल्हापुरात माणसांचं रक्त आणि लघवी तपासत होते. मग नवऱ्याची चेन्नईला बदली झाली आणि मी बिनकामाची झाले. माम्बलमच्या भाड्याच्या घरात दोन महिने भाजीवाल्याकडून तमिळ शिकण्यात घालवले, तेवढ्यात एका ट्रस्टच्या जनावरांच्या दवाखान्यात प्रयोगशाळेसाठी माणूस हवंय असं कळलं. एग्मोर स्टेशनपासून चालत दहा मिनिटं.

तिथले मोठे डॉक्टर कल्याणसुंदरम यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"कुत्र्याला घाबरता?"

"हो," मी म्हटलं.

"चालेल. कुत्र्यांना आम्ही धरतो. तुम्ही नळी धरा."

पहिल्याच आठवड्यात एक रिक्षावाला पुठ्ठ्याच्या खोक्यातून दहा दिवसांची पाच पिल्लं घेऊन आला. त्यांची आई बसखाली गेली होती. बिचारा दर दोन तासांनी ड्रॉपरनं दूध पाजत होता, पण पिल्लांची पोटं तट्ट फुगली होती आणि रडणं थांबत नव्हतं. मी रक्ताच्या नळ्या काढायला लागले. डॉक्टरांनी मला थांबवलं आणि वॉर्डातल्या मुनियम्माला हाक मारली.

मुनियम्मा तेव्हा पन्नाशीची असेल. दवाखान्यात झाडण्यापासून जनावरांना न्हाऊ घालण्यापर्यंत सगळं तीच करायची. तिनं फतकल मारून पहिलं पिल्लू मांडीवर उताणं घेतलं, कोमट पाण्यात कापसाचा बोळा बुडवला, पिळला आणि शेपटीखाली हळूहळू फिरवायला लागली, जीभ फिरावी तसा. दहा-बारा सेकंदांत धार सुटली, ती थेट डॉक्टरांच्या बुटावर.

"आई चाटते तेव्हा पिल्लू मुततं," ती मला तमिळमध्ये म्हणाली. "आई नसली तर कुणीतरी आई व्हायचं. शिकून घ्या."

मी शिकून घेतलं. पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्या कामाचा अर्धा भाग हाच होता. महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "तुम्ही नक्की काय करता हो?" मी म्हणायचे, "प्रयोगशाळेत आहे." खरं सांगून कुणाच्या हातातली वाटली डाळ कशाला खाली ठेवायला लावायची?

पण कामाविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पोटात असताना पिल्लाच्या रक्तातली घाण आईच साफ करते. पिल्लाचं रक्त नाळेतून वारेपर्यंत जातं, तिथे आईच्या रक्ताला चिकटून वाहतं आणि टाकाऊ माल तिच्याकडे सोपवून परत येतं. त्यामुळे पोटात पिल्लाच्या मूत्रपिंडांना, म्हणजे किडन्यांना, फारसं काम नसतं. नाळ तुटली की त्याच क्षणी सगळा भार त्यांच्यावर पडतो. आता गंमत अशी, की कुठलं जनावर किती तयारीनं जन्माला येतं हे ज्याचं त्याचं वेगळं. गाईचं वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं आणि त्याच्या किडन्याही दोन-चार दिवसांत मोठ्या गाईसारख्या कामाला लागतात. कुत्र्याचं पिल्लू डोळे मिटून, कान मिटून येतं, आणि त्याच्या किडन्याही तशाच अर्धवट असतात. रक्त गाळणाऱ्या बारीक बारीक गाळण्या जन्मानंतर दोन-तीन आठवडे नव्यानं तयारच होत असतात. तयार झाल्यावरही त्यांना काम जमायला आणखी महिना-दीड महिना लागतो. तोवर पिल्लाची लघवी पाण्यासारखी असते. पाणी राखून ठेवणं त्याला जमत नाही. साखरसुद्धा गळते, कारण गाळलेल्यातून साखर परत उचलून घेणाऱ्या नळ्या अजून कच्च्या असतात.

हे आज मी घडाघडा सांगते. तेव्हा मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, आणि त्याची किंमत एका पिल्लानं दिली.

दवाखान्यात मला दोनेक वर्षं झाली असतील. एक शाळामास्तर चार आठवड्यांचं काळं लॅब्रॅडोर पिल्लू घेऊन आले. त्याला जुलाब झाले होते, अंगात ताप होता. बाहेर कुणीतरी त्याला एका अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली होती. ते औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि जास्त झालं तर किडनीलाच मारतं. डॉक्टरांना तीच शंका होती. त्यांनी क्रिएटिनीन करायला सांगितलं.

क्रिएटिनीन म्हणजे स्नायूंच्या कामातून निघणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. मी तपासणी केली, आकडा आला एक पूर्णांक दोन. भिंतीवर तक्ता लावलेला होता, कुत्र्यासाठी दीडच्या आत ठीक. मी रिपोर्टवर लिहिलं, नॉर्मल. नीटनेटक्या अक्षरात लिहिलं. डॉक्टरांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून इंजेक्शन चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं.

डॉक्टरांनी ते उघडून पाहिलं. किडन्या फिक्या आणि सुजलेल्या होत्या. मग ते दुपारभर पुस्तकं काढून बसले आणि संध्याकाळी मला बोलावलं.

"मॅडम, तो तक्ता मोठ्या कुत्र्यांचा आहे. पिल्लाच्या अंगावर स्नायू असतात कुठे? या वयात हा आकडा अर्ध्याच्याही आत असायला हवा. एक पूर्णांक दोन म्हणजे किडनी बसलेली होती."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"चूक तक्त्याची आहे. आणि माझी. वय मला दिसत होतं."

त्यांनी भलेपणानं अर्धी चूक उचलली, तरी रिपोर्टवर सही माझी होती. दोन दिवसांनी मास्तर पिल्लाचा पट्टा परत मागायला आले. मला पाहून म्हणाले, "रिपोर्ट तर नॉर्मल होता ना, अम्मा?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारत होते. मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली आणि पट्टा आणून दिला. आयुष्यात परत मिळावेत असे जे चार-दोन क्षण मला वाटतात, त्यांतला हा एक.

त्यानंतर मी एक लांबरुंद वही केली. पान पहिलं, वय एक आठवडा. पान दुसरं, वय दोन आठवडे. असं बारा आठवड्यांपर्यंत. दवाखान्यात येणाऱ्या निरोगी पिल्लांची लघवी घ्यायची आणि आकडे लिहायचे. रक्त फक्त मालक राजीखुशीनं हो म्हणाले तरच, तेही डॉक्टर स्वतः काढणार, आणि थेंब मोजून. लसीकरणाला आलेले लोक आधी घाबरायचे. मुनियम्मा त्यांना समजवायची, "काही नाही, ह्या अम्माला मूत आवडतं."

त्या वहीपायी नाना तऱ्हेची माणसं भेटली. सैदापेटचा एक कुत्री पाळणारा मनुष्य इतका उत्साही, की मी न मागता दर आठवड्याला घरूनच नमुना आणायचा. एकदा त्याच्या बाटलीत साखर इतकी निघाली, की लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीचा रंग गडद तपकिरी झाला. कच्च्या किडनीतून साखर थोडी गळते, पण इतकी? मी घाबरून त्याला निरोप पाठवला, पिल्लाला ताबडतोब आणा. पिल्लू आलं ते मुनियम्माच्या पदराशी दंगा करत. मग मी बाटली हुंगून पाहिली. मुरांब्याची होती. "धुतली होती, मॅडम," तो म्हणाला, "पण बायको म्हणाली साबण लावू नको, तपासणीत येईल."

वही भरत गेली. मुख्य साधन होतं ते वीतभर लांबीचं एक दुर्बिणीसारखं यंत्र. त्याच्या काचेवर लघवीचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि खिडकीकडे तोंड करून आत बघायचं. आत एक निळी-पांढरी रेघ दिसते. लघवी किती दाट, ते ती रेघ सांगते. निव्वळ पाणी हजारावर. लहान पिल्लं हजार सहा, हजार दहा, फार तर पंधरा. मोठं धडधाकट कुत्रं तहानेलं असेल तर हजार पस्तीस, चाळीस, त्याच्याही वर. आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमाराला एखाद्या पिल्लाची रेघ अचानक वर चढलेली दिसली की मला फार बरं वाटायचं. बाळाचा पहिला दात दिसावा तसं. घरी सांगायला गेले तर नवरा जेवताना हात वर करायचा.

पुढे कल्याणसुंदरम डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अरविंदन नावाचे तरुण डॉक्टर आले. हुशार, नीट इस्त्रीचे, आणि प्रयोगशाळेनं प्रयोगशाळेपुरतं राहावं अशा मताचे. त्यांना येऊन महिना झाला नसेल, तेव्हा अंबुजाबाई आल्या.

सत्तरीच्या बाई, नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. हातात झाकणाची वेताची टोपली, मागे रिक्षावाल्याच्या हातात दोरी आणि दोरीला पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची, उंच, राजपाळयम जातीची कुत्री. टोपलीत सहा पिल्लं. बाई काउंटरवर तमिळमध्ये बोलत होत्या. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून थांबल्या आणि म्हणाल्या,

"तुम्हीं मराठी अहांत का?"

"हो," मी म्हटलं, आणि माझ्या कानांवर विश्वास बसेना. तंजावरकडची मराठी मी तोवर फक्त ऐकून होते. दहा पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली, जुन्या पोथीतले शब्द आणि तमिळचा हेल असलेली ती भाषा पहिल्यांदा ऐकताना आपल्याच पणजीला फोनवर ऐकतोय असं वाटतं.

"मग तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "ह्यांला मारा म्हणून सांगितलंय. सहाच्या सहा. मज धीर होत नाही."

हकीगत अशी होती. अंबुजाबाई नुंगंबाक्कमला राहायच्या. यजमान वारलेले, मूलबाळ नाही, तीस वर्षं एका शाळेत गाणं शिकवून निवृत्त. मल्ली नावाची ती कुत्री हेच घर. पिल्लं अठरा दिवसांची. त्यांतल्या सगळ्यात लहान पिल्लाची बेंबी पिकली म्हणून घराजवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी इंजेक्शनं सुरू केली आणि खबरदारी म्हणून दोन-तीन पिल्लांची लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आला, लघवी पाण्यासारखी, साखर आहे, प्रथिनंही थोडी आहेत. निदान झालं, आईकडून आलेला किडनीचा दोष, सगळं वेत खराब. पुढे हाल होऊन मरतील, त्यापेक्षा आत्ताच झोपवा. ते स्वतः हे काम करत नव्हते, म्हणून चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलं होतं.

अरविंदन डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, रिपोर्ट वाचले, पिल्लं पाहिली. लहानगं मलूल होतं. बाकीची पाच एकमेकांच्या अंगावर चढत होती.

"वाईट वाटतं," ते म्हणाले, "पण रिपोर्ट स्पष्ट आहेत. उद्या सकाळी करू. बाईंना घरी पाठवा."

मी पिल्लांच्या टोपलीकडे बघत उभी होते. माझ्या वहीतलं दुसरं आणि तिसरं पान मला पाठ होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "या वयात असेच रिपोर्ट येतात."

"म्हणजे?"

"अठरा दिवसांच्या पिल्लाची लघवी पातळच असते. साखरही थोडी येते. माझ्याकडे आकडे आहेत."

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, आणि तो शांतपणा मला जास्त लागला, "निदान मी करायचं असतं."

"निदान तुम्हीच करा. मी फक्त आकडे देते. वयासकट."

त्यांनी वही चाळली. वाईट नाही वाटलं त्यांना, पण पटलंही नाही. घरगुती वही ती. कुणी तपासलेली नाही, कुठे छापलेली नाही. "ही पिल्लं निरोगी होती हे कशावरून?" त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे मालकांच्या शब्दापलीकडे काय होतं?

उत्तर मुनियम्माकडे होतं. ती दारात उभी राहून ऐकत होती. आम्ही इंग्रजीत बोलत होतो ते तिला कळत नव्हतं, पण टोपली, चिठ्ठी आणि बाईंचा पदर यांवरून तिनं सगळं ओळखलं होतं.

"चहाच्या टपरीमागे भुरीनं पिल्लं घातलीयेत," ती म्हणाली. "अमावास्येनंतर दोन दिवसांनी. म्हणजे ह्यांच्याच बरोबरीची. रस्त्याची कुत्री, तिच्या किडनीत काय दोष असणार? त्यांची बघा की."

अरविंदन डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग एकदम हसले. "आण," म्हणाले.

मुनियम्मा गेली आणि बिस्किटाच्या पुड्यावर भुरीला फितवून तिच्यासकट चार पिल्लं घेऊन आली. चारही टुणटुणीत. तिनं बोळा फिरवला, मी नळ्या धरल्या आणि डॉक्टर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. यंत्रातून त्यांनी स्वतः पाहिलं. हजार सात. हजार नऊ. पट्टीवर साखरेचा चौकोन चारांपैकी तिघांचा हिरवट झाला. मग अंबुजाबाईंच्या पाच पिल्लांचे नमुने. हजार आठ, हजार सात, हजार दहा. पट्टीचा रंग तोच.

डॉक्टर दोन्हीकडच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.

"ही पाच ठीक आहेत," शेवटी ते म्हणाले.

"सहाव्याचं रक्त घ्या," मी म्हटलं. "त्याला इंजेक्शनं चालू आहेत."

रक्त त्यांनीच काढलं, मानेच्या शिरेतून, इतक्या हलक्या हातानं की पिल्लू कुईं सुद्धा म्हणालं नाही. तपासणीला पाऊण तास लागला. आकडा आला एक पूर्णांक एक. भिंतीवर नवा तक्ता होता, छापील, चकचकीत, आणि त्याच्या हिशेबानं हा आकडाही नॉर्मल होता. पाच भावंडांपैकी एकाचं ताडून पाहायला घेतलं होतं, त्याचा आकडा शून्य पूर्णांक तीन.

म्हणजे ज्या पाचांना दोषी ठरवलं होतं ती धडधाकट होती, आणि ज्याचा रक्ताचा रिपोर्ट कुणीही नॉर्मल म्हणाला असता ते एकटं बुडत होतं. मी हे बोलले नाही. आकडा कागदावर लिहिला, शेजारी वय लिहिलं, आणि दोन्हींखाली रेघ मारली.

डॉक्टरांनी कागद वाचला. "इंजेक्शन बंद," ते म्हणाले. "सलाईन कातडीखाली, थोडं थोडं, कोमट करून. ऊब द्या. दर दिवशी वजन. मॅडम, लघवी किती होते ते मोजता येईल?"

"थेंबानं मोजते," मी म्हटलं.

बाहेर बाकावर अंबुजाबाई मल्लीच्या गळ्यात हात टाकून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, पाच बरी आहेत, एक आजारी आहे, मारायचं कुणालाच नाही. त्यांना पहिल्यांदा खरंच वाटेना.

"मग ते पाण्यासारखं मूत?"

"लहान आहेत, म्हणून. तुमच्या शाळेत पहिलीच्या पोराला पहिल्या दिवशी तान घेता येते का?"

"सूरही लागत नाही," त्या म्हणाल्या. मग मल्लीच्या मानेवरून हात फिरवत, "पण मी कुणाला काढून टाकला नाही हो कधी."

धाकट्याचे पुढचे चार दिवस फार वाईट गेले. ते आमच्याकडेच ठेवलं होतं, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये, आणि मल्ली येऊन-जाऊन पाजत होती. अंबुजाबाई सकाळी पाच पिल्लांसकट यायच्या आणि संध्याकाळी जायच्या. दुसऱ्या दिवशी मुनियम्मानं तीनदा बोळा फिरवला आणि एकूण चार थेंब निघाले. क्रिएटिनीन वर गेलं, एक पूर्णांक सहा. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस बघू. मला त्या काळ्या पिल्लाची आठवण येत होती. अंबुजाबाई मात्र पिल्लापाशी बसून हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत असायच्या. कुठला राग म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "राग नव्हे. त्याला सरगम शिकवत अहे. उगी बसून काय करायचं?"

चौथ्या दिवशी दुपारी मी डबा खात होते, तेवढ्यात मुनियम्मा आरडत आली. तिचं लुगडं पुढून पार भिजलं होतं.

"बोळा लावायच्या आधीच!" ती ओरडत होती. "आपली आपण! बघा, बघा!"

मी डबा उघडाच टाकून धावले. डॉक्टरही धावले. ते एवढंसं पिल्लू पाय फाकवून उभं होतं आणि त्याच्या खाली तळं झालं होतं. किडनी सावरताना आधी अशीच भरमसाट पातळ लघवी येते. आम्ही तिघं त्या तळ्याभोवती उभे होतो आणि अंबुजाबाई मागून विचारत होत्या, "काय जाहलं? काय जाहलं, सांगा की!" अरविंदन डॉक्टर वळले आणि त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. त्यांना मराठी येत नव्हती आणि त्या क्षणी तमिळही सुचत नव्हती.

आकडा हळूहळू उतरत गेला. एक पूर्णांक तीन, मग शून्य पूर्णांक नऊ, मग शून्य पूर्णांक सहा. तिथे थांबला.

पुढे पाच आठवडे अंबुजाबाई दर सोमवारी टोपली घेऊन यायच्या. पिल्लं टोपलीत मावेनात, तेव्हा दोन रिक्षा करून यायच्या. मी दर सोमवारी यंत्रातून बघायचे. हजार बारा. हजार सोळा. हजार बावीस. नवव्या आठवड्यात सगळ्यात मोठ्या पिल्लाची रेघ हजार छत्तीसवर गेली. मी अंबुजाबाईंना खिडकीशी बोलावलं आणि यंत्र त्यांच्या डोळ्याला लावलं.

"काय दिसतं?"

"निळं... आणि पांढरं."

"ती मधली रेघ आहे ना, ती वर चढली. याची किडनी मोठी झाली."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "केवढं सुंदर अहे हो," म्हणाल्या. त्या थेंबाला कुणी सुंदर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

धाकट्याची रेघ मात्र हजार अठरापाशी अडून बसली. नव्या गाळण्या तयार होण्याचेच ते दिवस होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत औषधानं घाव घातला होता. ज्या गेल्या त्या गेल्या. उरलेल्यांवर त्याला आयुष्य काढायचं होतं. हे बाईंना सांगायचं काम डॉक्टरांनी मला दिलं. आपल्या भाषेत सांगा, म्हणाले. मी सांगितलं. याला पाणी राखता येणार नाही, सारखी तहान लागेल, सारखं बाहेर न्यावं लागेल, कुणी विकत घेणार नाही, आणि किती वर्षं काढील ते सांगता येत नाही.

अंबुजाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पाणी जास्ती ठेवायचं. तेवढंच ना?"

"तेवढंच."

"मग त्यात काय?" त्या म्हणाल्या, आणि त्या धाकट्याला, त्यांच्या चिन्नाला, टोपलीत घातलं. बाकीच्या पाचांना त्यांनी चांगली घरं बघून दिलं. एक अरविंदन डॉक्टरांच्या आईवडिलांकडे गेलं.

त्यानंतर आमच्या छापील रिपोर्टवर डॉक्टरांनी एक नवा रकाना घालून घेतला, वय, आठवड्यांत. आणि माझ्या वहीतले आकडे टाइप करवून भिंतीवरच्या तक्त्याशेजारी लावले. मला न सांगता. खाली माझं नाव घातलं होतं, त्याचं स्पेलिंग चुकलं होतं. मी ते कधी दुरुस्त करायला सांगितलं नाही.

वर्षभरानं अंबुजाबाईंनी मला घरी जेवायला बोलावलं. चिन्नाचं रक्त मी आदल्या आठवड्यातच तपासलं होतं. जिथे होतं तिथेच होतं, एक कणही पुढे नाही. नुंगंबाक्कमला उतरून त्यांच्या गल्लीत वळले, तर तो दारातच, आईएवढा उंच, गुलाबी नाकाचा, माझ्यावर उडी मारायला तयार. मी एक पाऊल मागे घेतलं आणि घोटाभर पाण्यात गेले. पाऊल पितळी परातीत होतं. सावरायला दुसरं पाऊल टाकलं, ते कढईत. त्या घरात दर चार हातांवर पाण्याचं भांडं होतं, पलंगाखाली, तुळशीपाशी, तंबोऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर. मी भिंतीचा आधार घ्यायला गेले आणि घागरीसकट बसले.

अंबुजाबाई हसून हसून खांबाला टेकल्या. चिन्ना माझ्या मांडीवर सांडलेलं पाणी चाटायला लागला.

"आमच्या घरी खाली बघून चालायचं असतं," त्या म्हणाल्या, "ते सांगायचं राहिलंच."

त्यांनी मला पेटीतली आपली एक चांगली साडी नेसायला दिली, मोरपंखी, बारीक ठिपक्यांची. उडदाच्या पिठाची, दह्यात कालवलेली डांगर पच्चडी, भात आणि पोळ्या असं आम्ही दोघी जेवलो. दुपारी मी तीच साडी नेसून गाडीनं माम्बलमला परत आले. नवऱ्यानं दार उघडलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही साडी कुणाची?"

"पेशंटच्या आईची," मी म्हटलं, आणि आत जाऊन चहा टाकला.